विमानाच्या पत्र्यातला तडा: फटीग इंजिनिअर व्हायचं तर काय शिकावं आणि कसं

प्रवासी विमान वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब घटतो. आत मात्र दाब राखलेला असतो, त्यामुळे धडाचा पत्रा फुग्यासारखा ताणला जातो. विमान उतरलं की पत्रा पुन्हा सैल. छोट्या पल्ल्यावर दिवसाला सहा-सात फेऱ्या करणाऱ्या विमानात हे वर्षाला दोन हजारांवर वेळा घडतं. एकदाच लावला तर काहीही न करणारा हा ताण हजारो वेळा लागला, की कुठल्या तरी रिव्हेटच्या भोकाच्या काठाला केसाएवढा तडा पडतो. तो कुठे पडेल, किती उड्डाणांत केवढा होईल आणि धोक्याच्या लांबीला पोचण्याआधी तपासणाऱ्याला सापडेल का, या तीन प्रश्नांची उत्तरं काढणं म्हणजे फटीग अँड डॅमेज टॉलरन्स इंजिनिअरचं काम. फटीग म्हणजे पुन्हा पुन्हा लागणाऱ्या ताणाने धातूचं थकणं, आणि डॅमेज टॉलरन्स म्हणजे तडा सापडेपर्यंत रचनेने तग धरणं.

नवशिके पहिल्या दोन प्रश्नांवर वर्षं घालवतात आणि तिसरा इन्स्पेक्शनवाल्यांचा म्हणून सोडून देतात. या क्षेत्रात करिअर करायचं असेल तर ही सवय पहिल्या दिवसापासून मोडा. आकडेमोडीत सगळ्यात जास्त वजन कशाला असतं हे पुढे उदाहरणातच दिसेल.

शिक्षण

मेकॅनिकल, एरोस्पेस किंवा मेटलर्जी, तिन्ही वाटांनी इथे येता येतं. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स पक्कं असावं, त्यावर इलॅस्टिसिटी, फ्रॅक्चर मेकॅनिक्स (तड्यांचं गणित) आणि फायनाइट एलिमेंट (भाग संगणकावर छोट्या तुकड्यांच्या जाळीत पाडून ताण काढायची पद्धत) यायला हवं. स्टॅटिस्टिक्स टाळू नका. एकाच पत्र्यातून कापलेले दहा नमुने एकाच ताणाला तपासले तरी त्यांच्या आयुष्यात दुपटी-तिपटीचा फरक सहज पडतो, आणि तो फरक वायबुल किंवा लॉग-नॉर्मल वितरणाने मांडता आला नाही तर तुमच्या उत्तराला अर्थ उरत नाही. पुढे शिकायचं असेल तर गेट देऊन आयआयटी मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूर किंवा बेंगळुरूचं आयआयएससी. धातूच्या बाजूने यायचं असेल तर पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी इथला मेटलर्जी विभाग चांगला पाया देतो. डीजीसीए या नागरी विमान नियामकाचं एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंगचं लायसन्स काढलेली मुलंही पुढे स्ट्रक्चर्सच्या ऑफिसात येतात. तडा त्यांनी स्वतः पाहिलेला असतो, ही त्यांची मोठी जमेची बाजू.

एम.टेक. केलंच पाहिजे असं नाही. मात्र हाताने के-फॅक्टर, म्हणजे तड्याच्या टोकाशी ताण किती तीव्र आहे ते सांगणारा आकडा, काढता न येणाऱ्याला कोणत्याही पदवीचा उपयोग नाही.

आधी चार अपघात नीट वाचा

या शाखेतला जवळजवळ प्रत्येक नियम कोणत्या ना कोणत्या अपघातानंतर आला. अहवाल वाचताना 'काय तुटलं' एवढ्यावर थांबू नका. 'आधीच्या हिशोबात काय चुकलं होतं' हे शोधा.

कॉमेट, १९५४. जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान. १० जानेवारीला एक विमान एल्बा बेटाजवळ आणि ८ एप्रिलला दुसरं नेपल्सजवळ हवेतच फुटलं. आजही 'चौकोनी खिडक्या' एवढंच सांगितलं जातं. पण एल्बाजवळ पडलेल्या विमानात तडा सुरू झाला तो छतावरच्या अँटेनाच्या खिडकीपाशी, एका भोकाच्या काठाला. त्या विमानाची दाबाखालची उड्डाणं होती सुमारे १,३००. ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या संशोधन केंद्रात एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून दाब दिला-काढला, तेव्हा ते सुमारे ३,००० फेऱ्यांत फाटलं. आणि कंपनीच्या आधीच्या चाचणीत धडाच्या तुकड्याने सोळा हजारांच्या आसपास फेरे सोसले होते! हा फरक का पडला? कारण तोच तुकडा त्याआधी नेहमीच्या दुप्पट दाबाला तपासला होता. त्या एका मोठ्या ताणाने भोकांच्या काठचा धातू किंचित कायमचा ताणला गेला आणि दाब काढल्यावर तिथे आतून दाबणारा ताण उरला. त्या उरलेल्या ताणाने तडा रोखून धरला. रोजच्या वापरातल्या विमानांना ते संरक्षण मिळालंच नव्हतं. ताकदीची आणि फटीगची चाचणी एकाच नमुन्यावर घेऊ नये, घ्यावीच लागली तर फटीग आधी, ही शिस्त इथून आली.

एफ-१११, डिसेंबर १९६९. अमेरिकी हवाई दलाच्या जेमतेम शंभरेक तास उडालेल्या विमानाचा पंख तुटला. पंखाच्या बिजागरीच्या पोलादी फोर्जिंगमध्ये बनवतानाच दोष राहिला होता आणि तपासणीत तो निसटला होता. त्यानंतर विचारच उलटा झाला: भाग निर्दोष आहे असं धरू नका, तडा पहिल्या दिवसापासून आहे असं धरा. १९७४ च्या लष्करी नियमात भोकाच्या काठाला १.२७ मिमीचा कोपऱ्यातला तडा धरून आयुष्य काढायला सांगितलं.

लुसाका, १४ मे १९७७. मालवाहू ७०७ च्या आडव्या शेपटीचा उजवा भाग उतरताना तुटून पडला. मागच्या स्पारची (आतल्या मुख्य तुळईची) वरची कॉर्ड, म्हणजे वरची पट्टी, फटीगने गेली होती. रचना 'फेल-सेफ' होती, म्हणजे एक भाग गेला तर शेजारच्याने भार उचलायचा. पण गेलेला भाग गेला आहे हे कळण्याची तपासणीच ठेवलेली नव्हती. १९७८ साली अमेरिकी नियम २५.५७१ बदलला आणि प्रवासी विमानांनाही डॅमेज टॉलरन्स लागू झालं.

अलोहा, २८ एप्रिल १९८८. ८९,६८० उड्डाणं झालेल्या ७३७ च्या धडाचं सुमारे साडेपाच मीटर छत हवेत उडून गेलं. एका केबिन क्रू सदस्याचा मृत्यू झाला. इथे एकच मोठा तडा नव्हता. पत्र्यांच्या जोडाचा चिकटवलेला थर सुटला, भार सगळा रिव्हेटांवर आला आणि एका रांगेतल्या अनेक भोकांना छोटे छोटे तडे एकदमच गेले.

हातचा हिशोब

कागद-पेन्सिल घ्या. धडाची त्रिज्या १.८८ मीटर, पत्रा १ मिमी, दाबाचा फरक ५५ किलोपास्कल. परिघाच्या दिशेचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी: ०.०५५ × १८८० ÷ १ = १०३ मेगापास्कल. हिशोबाला १०० धरू. दर उड्डाणाला ताण शून्यापासून १०० वर जातो आणि परत येतो.

पत्रा २०२४-टी३ या अॅल्युमिनियमचा. दोन्ही टोकांना वाढणारा तडा धरा आणि त्याच्या अर्ध्या लांबीला 'अ' म्हणा. डेल्टा-के, म्हणजे एका फेऱ्यात के-फॅक्टर किती बदलतो ते = ताणाचा पल्ला × √(पाय × अ). अ = ५ मिमी, म्हणजे पूर्ण तडा १० मिमी असेल, तर डेल्टा-के येतो १२.५ मेगापास्कल-रूट-मीटर.

आता पॅरिस या संशोधकाचा नियम: दर फेऱ्याची वाढ = सी × (डेल्टा-के)चा एम घात. सरावासाठी एम = ३ आणि सी = १०चा उणे १० घात, मीटर प्रति फेरा. त्यावरून या तड्याची वाढ निघते दर उड्डाणाला सुमारे ०.०००२ मिमी. पाच हजार उड्डाणांत १ मिमी. हा वेग अंगवळणी पडू द्या. पुढे कोणाच्या अहवालात 'शंभर उड्डाणांत २० मिमी' दिसलं तर लगेच खटकायला हवं.

पत्रा पातळ असल्याने त्याची टफनेस, म्हणजे ज्या के-फॅक्टरला तडा एकदम फाटतो तो, १०० मेगापास्कल-रूट-मीटरच्या आसपास धरता येते. सर्वाधिक ताण १५ टक्के जास्त धरला तर धोक्याचा 'अ' येतो २४० मिमी. आता ५ मिमीपासून २४० मिमीपर्यंत बेरीज केली, म्हणजे इंटिग्रेशन केलं, की उत्तर येतं सुमारे ४३,५०० उड्डाणं.

यानंतर एकेक आकडा हलवून बघा. धोक्याची लांबी निम्मी केली, २४० च्या जागी १२०, तर उत्तर ४०,४०० वर येतं. फक्त ७ टक्के घट. सुरुवातीची लांबी ५ च्या जागी १० मिमी केली तर उत्तर थेट २८,६०० वर कोसळतं, आणि २.५ मिमी केली तर ६४,५०० वर चढतं. म्हणजे शेवटी पत्रा कधी फाटतो याने फारसा फरक पडत नाही. तडा किती लहान असताना सापडतो, याच्यावर सगळं अवलंबून आहे. ताण १० टक्क्यांनी वाढवा: १.१ चा घन १.३३, म्हणून आयुष्य २५ टक्क्यांनी घटतं. फायनाइट एलिमेंटचा निकाल दहा टक्क्यांनी इकडे-तिकडे असला तर काय बिघडतं, असं म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवावा.

तपासणीचा काळ ठरवताना ४३,५०० ला ३ ने भागून सुमारे १४,५०० वर येता येतं. तीनने भागण्याचं कारण असं की एका तपासणीत तडा निसटला तरी पुढची संधी हातात राहावी. वेगवेगळ्या भागांना वेगळे भाजक लागतात. तिथे तुमच्या कंपनीची किंवा नियामकाची पद्धत पाळा.

हा हिशोब पहिल्या पायरीचा आहे. खरं काम करताना त्यात भोकाचा परिणाम, रिव्हेटमधून येणारा भार, भोकाच्या कोपऱ्यातल्या चतकोर तड्यासाठी न्यूमन-राजूची सूत्रं आणि वळणदार पत्र्यात तड्याच्या कडा बाहेर फुगतात त्याची वाढ, हे सगळं घालावं लागतं. नासग्रो किंवा अॅफग्रोसारखी सॉफ्टवेअर ते करतात, पण त्यांच्या उत्तराच्या शेजारी आपला हातचा आकडा लिहिलेला असलाच पाहिजे.

आणि एका ठिकाणी हा हिशोब सपशेल फसवतो: रिव्हेटांची रांग. भोकं २५ मिमी अंतरावर, प्रत्येक भोक ४ मिमीचं. सगळ्याच भोकांच्या दोन्ही बाजूंना ६-६ मिमीचे तडे गेले तर दोन भोकांमध्ये धातू उरतो २५ – ४ – १२ = ९ मिमी. त्या ९ मिमीवरचा ताण १०० × २५ ÷ ९, म्हणजे २७८ मेगापास्कल. आल्क्लॅड (वर शुद्ध अॅल्युमिनियमचा थर दिलेल्या) २०२४-टी३ चं यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा ताणला जाऊ लागतो तो, साधारण तिथेच येतं. म्हणजे २४० मिमीची वाट बघण्याचा प्रश्नच नाही. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ६ मिमीच्या तड्यांवर अख्खी रांग चेन उघडावी तशी उघडते. अलोहाच्या विमानात हेच झालं. जुन्या विमानांना आता 'लिमिट ऑफ व्हॅलिडिटी' म्हणजे उड्डाणांची कमाल मर्यादा घालून द्यावी लागते, तिच्यामागे हीच भीती आहे.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका

एककं. डेल्टा-के रूट-मीटरमध्ये आणि सी चा आकडा रूट-मिलिमीटरचा घेतला तर डेल्टा-के ३१.६ पटीने चुकतो आणि एम = ३ असताना वाढीचा वेग सुमारे ३१,६०० पटीने. सी लिहिताना त्याच्यापुढे त्याचं एकक लिहिल्याशिवाय ओळ पूर्ण करू नका.

मॉडेलमधला भोकाच्या काठचा ताण घेऊन त्याला पुन्हा स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन फॅक्टरने (भोकापाशी ताण किती पट वाढतो त्या आकड्याने) गुणणं ही दुसरी चूक. तो परिणाम त्या ताणात आधीच आलेला असतो. पॅरिसच्या सूत्रात भोकापासून दूरचा ताण जातो. याच्या उलट चूक म्हणजे जाळी इतकी जाड घेणं की भोकच दिसू नये, आणि तो आकडा एस-एन आलेखात (कोणत्या ताणाला भाग किती फेरे टिकतो ते दाखवणाऱ्या) घालणं.

आर-रेशो, म्हणजे फेऱ्यातला कमीत कमी ताण भागिले सर्वाधिक ताण, विसरणं. प्रयोगशाळेतला डेटा बहुधा ०.१ चा असतो. पंखाच्या खालच्या पत्र्याला हवेत असताना सतत ताण असतो, त्यावर वाऱ्याचे छोटे झटके बसतात. तिथे तोच डेटा वापरला तर तडा खऱ्यापेक्षा हळू वाढताना दिसेल. पंखात आणखी एक गोष्ट निसटते: जमिनीवर पंख खाली झुकतो आणि हवेत वर उचलला जातो, हा जमीन-हवा-जमीन फेरा. दर उड्डाणाला एकदाच येतो, पण नुकसानीत त्याचा वाटा मोठा असतो. रेनफ्लो मोजणी, म्हणजे चढउतारांच्या नोंदीतून पूर्ण फेरे वेगळे काढायची पद्धत, नीट केली नाही तर तो छोट्या झटक्यांमध्ये हरवून जातो.

मायनरचा नियम सोपा आहे, म्हणून त्यावर फार विसंबू नका. नुकसानीची बेरीज १ झाली की भाग जातो असं तो म्हणतो, पण मोठा ताण आधी आला की नंतर, याचा त्याला पत्ताच नसतो. कॉमेटच्या त्या तुकड्याने क्रमाचं महत्त्व दाखवून दिलं आहे.

प्रयोगशाळेत एक प्रयोग स्वतः करा

कॉलेजमध्ये सर्वो-हायड्रॉलिक मशीन (नमुन्याला पुन्हा पुन्हा मोजून भार देणारं) असेल तर शेवटच्या वर्षी हे कराच. २०२४-टी३ चा १.६ मिमी जाड पत्रा, १०० मिमी रुंद, ३५० मिमी लांब. पत्रा लाटल्याची दिशा नमुन्यावर खुणेने लिहून ठेवा, कारण दोन दिशांना तडा वेगवेगळ्या वेगाने वाढतो. मधोमध वायर-कटने १० मिमीची आडवी खाच. तड्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पत्रा बारीक पॉलिश पेपरने आरशासारखा करा, नाहीतर टोक दिसणार नाही.

सर्वाधिक ताण ८० मेगापास्कल, म्हणजे मशीनवर १२.८ किलोन्यूटन. कमीत कमी भार त्याचा दहावा भाग, वेग सेकंदाला १० फेरे. आधी खाचेच्या दोन्ही टोकांना किमान १ मिमी खरा तडा वाढू द्या. तोपर्यंतची मोजमापं वापरू नका, कारण वायर-कटचं टोक बोथट असतं. मग ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने दर अर्ध्या मिलिमीटरला फेऱ्यांची नोंद. सुरुवातीला अर्धा मिमी वाढायला सुमारे ५,००० फेरे, म्हणजे आठ-नऊ मिनिटं लागतील. सगळा प्रयोग दोन तासांच्या आत संपतो. डाव्या आणि उजव्या तड्याच्या लांबीत २.५ मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर ग्रिप वाकडी बसली आहे. तो नमुना बाद धरा आणि अलाइनमेंट तपासा.

दुसऱ्या नमुन्यावर अर्धी लांबी १० मिमीला पोचली की एकदाच, फक्त एक फेरा, भार १.८ पट द्या आणि पुन्हा १२.८ किलोन्यूटनवर या. मायक्रोस्कोपमध्ये बघत राहा. आतापर्यंत मिनिटागणिक सरकणारं टोक जागच्या जागी मंदावतं. हजारो फेरे जातात तरी ते हलल्यासारखं वाटत नाही, मग हळूहळू पुन्हा वेग घेतं. कॉमेटच्या चाचणीने का फसवलं हे पानंच्या पानं वाचून जेवढं समजेल, त्याहून पक्कं या पंधरा-वीस मिनिटांत समजतं.

नमुना तुटल्यावर तो फेकू नका. तुटलेली दोन तोंडं पुन्हा एकमेकांना जुळवून बघायचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरा. जुळवताना ज्या बारीक रेषा वाचायच्या आहेत त्याच घासून जातात. बोट लावू नका, ब्रश मारू नका, अॅसिटोनने हलके धुऊन कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. दहा पटीच्या भिंगाखाली खाचेलगतचा भाग सपाट आणि रेशमासारखा गुळगुळीत दिसेल. पुढे तडा वेग घेतो तसं तोंड तिरकं होत जातं आणि शेवटी ४५ अंशाच्या कोनात राखाडी, धाग्याधाग्याचं होतं. तो शेवटचा भाग एका झटक्यात फाटलेला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली सपाट भागात समांतर रेषा दिसतात, त्यांना स्ट्राएशन म्हणतात. मधल्या टप्प्यात एक रेषा म्हणजे एक फेरा. वरच्या उदाहरणातल्या १० मिमीच्या तड्यापाशी त्यांचं अंतर ०.२ मायक्रॉन निघायला हवं, मिलिमीटरला पाच हजार रेषा. अपघातानंतर तडा किती उड्डाणांपासून वाढत होता हे याच रेषा उलट मोजून काढतात. मात्र अगदी हळू आणि अगदी वेगात वाढणाऱ्या भागात ही एकास एक जुळणी टिकत नाही, तिथे आकडा ठोकून देऊ नका.

हँगरमध्ये

ऑफिसची नोकरी असली तरी पहिल्या वर्षात किमान काही आठवडे मोठ्या तपासणीला लागलेल्या विमानापाशी काढा. वरिष्ठांकडे हट्टाने मागा. इन्स्पेक्टरच्या मागे उभं राहून बघायचं असतं की हाय फ्रिक्वेन्सी एडी करंटचा (धातूत विजेचे भोवरे उठवून तडा शोधणारा) पेन्सिलसारखा प्रोब रिव्हेटच्या डोक्याभोवती फिरवताना हात किती स्थिर लागतो, आणि रंगाचा थर जाड असला की सिग्नल कसा दबतो. वरच्या पत्र्याखालच्या दुसऱ्या थरातल्या तड्यासाठी लो फ्रिक्वेन्सी वापरतात, पण तिथे सापडणारा तडा बराच मोठा असतो. रिव्हेट किंवा बोल्ट काढून भोकात फिरता प्रोब घातला तर खूप लहान तडा सापडतो. मात्र एकेक बोल्ट काढण्यात वेळ जातो आणि काढताना भोकाला ओरखडा पडण्याचा धोका असतो.

हिशोबात घालायची लांबी म्हणजे उपकरणाला दिसलेला सर्वांत लहान तडा नाही. निसटू शकणारा सर्वांत मोठा तडा तिथे जायला हवा. त्यासाठी '९०/९५' वापरतात: जो तडा शंभरापैकी नव्वद वेळा सापडेल असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं, तो. हा आकडा प्रयोगशाळेतल्या टेबलावर एक येतो आणि रात्रपाळीत, पोटावर झोपून, टॉर्चच्या उजेडात दुसराच येतो. म्हणून तपासणीचं काम लिहून देताना ती जागा स्वतः पाहा. हात पोचतो का, आरसा लागतो का, वायरिंग बाजूला करावं लागतं का. शक्य झालं तर एनडीटीचं, म्हणजे भाग न तोडता तपासण्याचं, लेव्हल टू प्रशिक्षण घ्या. तुमच्या सहीला त्यामुळे वजन येतं.

डोळ्यांना सवय लावा. रिव्हेटपासून हवेच्या दिशेने मागे गेलेला काळा डाग दिसला तर त्याला 'स्मोकिंग रिव्हेट' म्हणतात. रिव्हेट सैल आहे, धातू धातूवर घासतो आहे आणि ती काळी पूड बाहेर पडते आहे. पत्र्यांच्या जोडाला समांतर बारीक ओरखडे दिसले तर जुनं सीलंट कोणीतरी धारदार पात्याने काढलं आहे. असे ओरखडे पुढे तडा होतात. त्या कामाला प्लॅस्टिकचं स्क्रॅपरच हवं. काउंटरसिंक, म्हणजे रिव्हेटचं डोकं पत्र्यात बसवायला केलेला उतरता खळगा, पत्र्याच्या जाडीच्या दोन तृतीयांशापेक्षा खोल गेलं की भोकाच्या खालच्या कडेला सुरीसारखी धार उरते, आणि तडा नेमका तिथून सुरू होतो.

दुरुस्ती

डबलर, म्हणजे पत्र्यावर बसवायचं ठिगळ. ताकदीच्या हिशोबात जाड ठिगळ चांगलं वाटतं, फटीगमध्ये ते घात करतं. जाड ठिगळ ताठ असतं, भार स्वतःकडे ओढतं, आणि तो सगळा भार पहिल्या रांगेच्या रिव्हेटांतून मूळ पत्र्याबाहेर जातो. म्हणून १.०२ मिमीच्या पत्र्यावर एकच गेज जास्त, १.२७ मिमी, आणि कडा पातळ करत नेलेल्या. ४ मिमीच्या रिव्हेटला कडेपासून अंतर दोन व्यास अधिक थोडी सूट, म्हणजे ९ ते ९.५ मिमी, आणि दोन रिव्हेटांमध्ये चार ते सहा व्यास. कडेचं अंतर अपुरं असलेला एकच रिव्हेट सगळी आकडेमोड निकालात काढतो.

ठिगळाखाली काय झाकलं जातं याची नोंद फोटोसह ठेवा. चायना एअरलाइन्सचं ६११ उड्डाण २५ मे २००२ रोजी हवेत फुटलं आणि २२५ जणांचा जीव गेला. १९८० साली शेपूट धावपट्टीला घासल्यावर जे ठिगळ बसवलं होतं, त्याच्याखाली ओरखडे तसेच राहिले होते. ठिगळामुळे ते बाहेरून दिसत नव्हते आणि तडे बावीस वर्षं तिथे वाढत राहिले. १९८५ च्या जपान एअरलाइन्स १२३ च्या अपघातात ५२० माणसं गेली. तिथे मागच्या प्रेशर बल्कहेडच्या (केबिनचा दाब अडवणाऱ्या मागच्या भिंतीच्या) दुरुस्तीत एकसंध हवी असलेली जोडपट्टी दोन तुकड्यांत बसली होती. दोन रांगांनी उचलायचा भार एका रांगेवर आला आणि ती सात वर्षांत संपली. ड्रॉइंग बरोबर असणं पुरत नाही. बसवलेला भाग ड्रॉइंगशी ताडून पाहणं तुमच्याच कामात धरा.

तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवणं हा तात्पुरता उपाय आहे. टोक एडी करंटने नक्की शोधल्याशिवाय पाडलेलं भोक बहुतेकदा टोकाच्या अलीकडेच पडतं. भोकांचं आयुष्य खरंच वाढवायचं असेल तर कोल्ड एक्स्पान्शन: भोकात चिरलेली स्लीव्ह (पातळ नळी) घालून मँड्रेल, म्हणजे किंचित जाड दांडा, ओढतात, भोक तीन-चार टक्के फुगतं आणि काठाला दाबणारा ताण उरतो. कॉमेटमध्ये नकळत झालेली गोष्ट इथे मुद्दाम आणि मोजून करतात. स्लीव्हची चीर योग्य दिशेला ठेवणं आणि नंतर भोक नेमक्या मापाला रीम करणं, या दोन्हीत चूक झाली की फायदा बुडतो.

नोकरी कुठे

पुणे, बेंगळुरू आणि हैदराबादच्या इंजिनिअरिंग सेवा कंपन्यांत परदेशी विमानांचं स्ट्रेस आणि डॅमेज टॉलरन्सचं काम चालतं. सुरुवातीला आकडेमोडीचा वेग तिथे चांगला येतो, पण लोखंड-पत्रा दिसत नाही, म्हणून दोन-तीन वर्षांनी हँगरजवळची जागा शोधा. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात सुखोई-३० ची बांधणी आणि ओव्हरहॉल होतो. नागपूरच्या मिहानमध्ये विमान दुरुस्तीचं केंद्र आहे, गोव्यात नौदलाचं एअरक्राफ्ट यार्ड. लढाऊ विमानांचं आयुष्य वाढवण्याचं काम फटीगच्या दृष्टीने फार समृद्ध, कारण तिथे प्रत्येक विमान वेगळं उडतं आणि जी-मीटरच्या (विमानाला बसलेले झटके मोजणाऱ्या उपकरणाच्या) नोंदींवरून एकेका विमानाचा हिशोब ठेवावा लागतो. चाचण्या आणि संशोधनाकडे ओढा असेल तर बेंगळुरूचं एनएएल (राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळा), प्रमाणीकरणासाठी लष्करी बाजूला सेमिलॅक ही संस्था आणि नागरी बाजूला डीजीसीए.

मुलाखतीत सॉफ्टवेअरची नावं सांगण्यापेक्षा वरचा पत्र्याचा हिशोब फळ्यावर करून दाखवा, आणि भोकाच्या काठाला सुरुवातीचा तडा १.२७ मिमीच का धरतात हे विचारल्यावर १९६९ पासून उत्तर द्या.

काम हाती आल्यावर प्रत्येक हिशोबाच्या पहिल्या पानावर पाच गोष्टी लिहा: ताण कुठून घेतला, सुरुवातीचा तडा केवढा आणि का, कोणत्या मटेरियल डेटाने वाढवला, कोणत्या उपकरणाने कोणत्या बाजूने तपासायचं, आणि किती उड्डाणांनी. तपासणीचा पहिला अहवाल आला की सापडलेला तडा तुमच्या आलेखावर बिंदू म्हणून ठेवा. बिंदू रेषेच्या वर पडला, म्हणजे तेवढ्या उड्डाणांना तुमच्या अंदाजापेक्षा तडा मोठा निघाला, तर ते एक विमान दुरुस्त करून फाइल बंद करू नका. त्याच दिवशी वरिष्ठांना आणि विमान बनवणाऱ्या कंपनीला लेखी कळवा, त्याच जातीच्या सगळ्या विमानांची ती जागा आधी तपासायला लावा, आणि नवा काळ ठरेपर्यंत जुना वापरू नका.